यंदा पोट्टे चांगले आहेत

माझ्या बाबांचा कलिंगडावर विश्वास नव्हता. आमच्या शॉमबर्ग गावातल्या दुकानात ते एकेक कलिंगड कानाशी धरून वाजवत, आणि एखाद्याचा आवाज फारच चांगला आला की तेच नेमकं परत ठेवत, कारण इतकं चांगलं कलिंगड दुपारपर्यंत कुणी नेलं कसं नाही, असा त्यांचा प्रश्न असे. हवामानवाल्यांनी ऊन सांगितलं की ते छत्री घेत. डॉक्टरांनी ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हटलं की घरी येईपर्यंत गप्प बसत आणि मग आईला विचारत, “तो मध्येच हसला का गं?” आई याला ‘ह्यांची हेरगिरी’ म्हणायची. नाकासारखा हा स्वभावही मला त्यांच्याकडूनच आला. आता माझ्या चष्म्याचा नंबर त्यांच्या तेव्हाच्या नंबराला भिडलाय, तेव्हा कबूल करायला हरकत नाही की त्या स्वभावापायी सोळाव्या वर्षी मी माझी सख्खी मैत्रीण जवळजवळ गमावली होती.

बाबांचा विश्वास नव्हता अशा गोष्टींत आमचा बेसबॉलचा संघही होता, आणि त्याच्यावर त्यांचा जीव होता. संघाचं नाव इथे लिहीत नाही. बाबा अजून आहेत, आणि छापील कागदावर संघाचं नाव आलं की पुढच्या आठवड्यात कुणाचा तरी खांदा निखळतो असं त्यांचं ठाम मत आहे. हे वेड त्यांना लागलं ते शहरातल्या देशी वस्तीत, डेव्हन ॲव्हेन्यूवर. तिथे एका मिठाईच्या दुकानावरच्या खोलीत दोन ब्रह्मचारी राहत होते, एक सांगलीचे माझे बाबा आणि दुसरे नागपूरचे भालेराव काका. एकच गादी, एकच कुकर, आणि खालच्या म्हाताऱ्या दुकानदाराचा रेडिओ, ज्यावर उन्हाळाभर मॅचची कॉमेंट्री चाले. दोघांनाही सुरुवातीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बाहेर परका देश, खिशात फोन कार्ड आणि घरापासून अर्ध्या जगाचं अंतर असताना माणसाला कुणाच्या तरी हरण्याजिंकण्यात गुंतावंसं वाटत असणार. पुढे दोघांची लग्नं झाली, शॉमबर्गला दोन गल्ल्या सोडून घरं झाली, काकांच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो लागला, आमच्या हॉलमध्ये आईचं वीणेच्या चित्राचं कॅलेंडर लागलं, पण एकमेकांना ‘विन्या’ आणि ‘भालेराव’ म्हणणं आणि संघाला शिव्या देणं सुटलं नाही.

या शिव्यांमागे मोठं राजकारण होतं, ते सांगायलाच हवं. चार घरांनी मिळून सीझनभराची दोन सीटं घेतली होती. आम्ही, भालेराव, पुण्याचे करमरकर काका, जे विमा कंपनीत कोष्टकं करत आणि घरीही कोष्टकंच करत, आणि दादरच्या सुनीता मावशी, ज्या हॉस्पिटलात नर्स होत्या आणि कुणाचं ऐकून घेत नसत. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे ‘वाटणी’ असायची. स्टीलच्या वाटीत चार चिठ्ठ्या, जो नंबर येईल त्या क्रमाने एकेक मॅच मागून घ्यायची, सगळ्या संपेपर्यंत. चांगला संघ असला तर सप्टेंबरच्या मॅचेस सोन्याच्या, कारण तेव्हा सगळा फैसला होतो. वाईट असला तर सप्टेंबर म्हणजे रिकाम्या खुर्च्या, आणि मग जूनजुलैचं ऊन बरं. त्यामुळे ज्याला मनातून वाटायचं की यंदा आपण जिंकणार, तो सर्वांत मोठ्याने म्हणायचा की यंदा आपण बुडणार. मंडईत वांगी घेताना बाई जशी आधी ‘किडकीच दिसतायत’ म्हणते, तसं. दोन तास चर्चा चाले, आणि त्यात एकही वाक्य खरं नसे. मी लहानपणी समजत होते की चाहते म्हणजे असेच असतात.

त्या वर्षी मला आणि प्रज्ञाला एकच मॅच हवी होती. प्रज्ञा ही भालेराव काकांची मुलगी, माझ्याहून नऊ दिवसांनी मोठी, आणि ते नऊ दिवस तिने मला कधी विसरू दिले नाहीत. आम्ही दहा वर्षांच्या असताना दोन्ही बापांनी कबूल केलं होतं की पोरी सोळाच्या झाल्या की घरच्या मैदानावरची सीझनची शेवटची मॅच त्या दोघींची. सीटं दोन, पोरी दोन. ट्रेनने जायचं, ट्रेनने यायचं, सोबत कुणी मोठं माणूस नाही. सहा वर्षं आम्ही त्या एका रविवारावर जगलो होतो. आता आम्ही सोळाच्या होतो, आणि ती मॅच दोघांपैकी एका बापाच्या वाट्याला आली की झालं.

वाटणीच्या आधीच्या शुक्रवारी मी प्रज्ञाकडे झोपायला गेले. सकाळी काकूंनी गॅरेजमधल्या फ्रीजमधून दूध आणायला पाठवलं, तेव्हा भिंतीला लागून खोकी रचलेली दिसली. अठरा. एकावर काकूंच्या अक्षरात ‘स्वयंपाकघर – मोठी भांडी’ असं लिहिलेलं होतं. मी प्रज्ञाला विचारलं, तर ती म्हणाली, “जस्ट क्लीनिंग, यार,” आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेली. ती खोटं बोलली की डाव्या हाताने कानातलं फिरवायची. तेव्हा फिरवत होती.

न्यायला बाबा आले. गाडीत त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “काय म्हणतो भालेराव? टीमबद्दल काही बोलला?” मी म्हटलं, नाही. मग मला वाटलं, आपल्याकडे विकायला काहीतरी आहे. मी म्हटलं, “बाबा, शेवटची मॅच नक्की घ्याल ना? दुसरा नंबर आला तरी?” ते म्हणाले, “बघू.” आणि मी त्यांना खोक्यांचं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. बाबांनी सिग्नलला गाडी थांबवली, दिवा हिरवा झाला तरी हलवली नाही, मागच्याने हॉर्न दिला. “मोठी भांडी?” ते म्हणाले. “मोठी भांडी कशाला बांधेल तो?” आणि मग, “घेऊ. शेवटची घेऊ.” मी खूश होते. हेच आज आठवलं की मान खाली जाते.

रविवारी आईने सकाळपासून थालीपिठं लावली होती. तव्याचा चर्र आवाज, लोण्याचा गोळा, करमरकर काकांच्या कागदांची फडफड. भालेरावांकडून दरवर्षी पाटवडी रस्सा यायचा, तोही एकाच डब्यातून. उभा स्टीलचा डबा, त्यावर काकांच्या आईचं नाव कोरलेलं, ‘सौ. जनाबाई भालेराव’. आमच्यात रिकामा डबा परत करायचा नसतो, म्हणून आई त्यात काहीतरी घालून पाठवायची, काकू परत काहीतरी घालायच्या, आणि तो डबा वर्षभर दोन गल्ल्यांमध्ये येरझारा घालायचा. त्या दिवशी रस्सा आला तो फॉइलच्या ट्रेमध्ये. फेकून द्यायच्या. आईने तो घेतला आणि ओट्यावर ठेवला. बाबांनी मात्र ट्रेकडे पाहिलं, मग काकांकडे, मग पुन्हा ट्रेकडे.

“पिचिंगचा तर बोऱ्याच वाजलाय,” करमरकर काकांनी सुरुवात केली. “माझ्या शीटप्रमाणे मेपासून उतरती कळा. सप्टेंबरला मी तरी जाणार नाही.”

“नको जाऊस. मला दे,” सुनीता मावशी म्हणाल्या.

“दे काय, दे? मी टीम वाईट म्हटलं. तिकीट वाईट आहे असं कुठे म्हटलं?”

“तो नवा कॅचर,” बाबा म्हणाले, “त्याचा गुडघा गेलाय. बातम्यांत देत नाहीत.”

“तुला कुणी सांगितलं?” करमरकर काकांनी विचारलं.

“कुणीच सांगत नाहीये, म्हणूनच तर.”

मग सगळे भालेराव काकांकडे वळले. त्यांचं वाक्य ठरलेलं होतं. दरवर्षी ते ताटावरून मान न उचलता म्हणायचे, “पोट्टे भंगार आहेत.” पोट्टे म्हणजे पोरं, त्यांच्या नागपूरकडचा शब्द, आणि तो आमच्या चारही घरांत रुळला होता. त्या दिवशी त्यांनी रश्श्यात थालीपीठ बुडवलं, खाल्लं, बोट पुसलं आणि म्हणाले, “यंदा पोट्टे चांगले आहेत.”

तव्यावरचं थालीपीठ करपलं, तरी कुणाचं लक्ष नव्हतं. करमरकर काकांनी कागद उलटे करून पाहिले. सुनीता मावशींनी काकांच्या डोळ्यांत नर्स बघते तसं पाहिलं. बाबांच्या कपाळावरची शीर मला टेबलाच्या या टोकावरून दिसत होती. हा चांगलं म्हणतोय म्हणजे आपण सप्टेंबर घ्यावा असं याला वाटतंय. आपण सप्टेंबर घ्यावा असं याला का वाटतंय? हे सगळं मला त्यांच्या तोंडावर वाचता आलं, कारण माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं.

चिठ्ठ्या निघाल्या. काकांचा एक नंबर, बाबांचा दोन. प्रज्ञा दारात ताटली घेऊन उभी होती. मी तिच्याकडे बघून हसले. एक नंबर म्हणजे मॅच आमचीच होती. काकांनी कॅलेंडर ओढलं, सप्टेंबरपर्यंत गेलेच नाहीत, आणि म्हणाले, “मला एप्रिलचा दुसरा मंगळवार द्या. दुपारची.”

“मंगळवार?” करमरकर काका ओरडलेच. “अरे, बर्फ पडेल त्या दिवशी. समोर धड टीमही नाही.”

“पडू दे.”

आता बाबांची पाळी. शेवटच्या रविवाराभोवती मी पेन्सिलने गोल करून ठेवला होता, तो त्यांच्या नाकासमोर होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. “भालेराव,” ते म्हणाले, “तुझ्या गॅरेजात अठरा खोकी कसली आहेत?”

प्रज्ञाने तिच्या बाबांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात बऱ्याच नजरा झेलल्या, पण ती अजून उतरलेली नाही.

काका थोडे हसले. “तुझे हेर चांगले आहेत बे विन्या.” मग त्यांनी सांगितलं. व्हर्जिनियात, ॲशबर्नला, डेटा सेंटरमध्ये नोकरी मिळाली होती. त्या मंगळवारनंतरच्या शनिवारी सामान जाणार होतं.

“आणि हे आत्ता सांगतोयस?” बाबांचा आवाज चढला. “इतकी वर्षं, आणि मला खोक्यांवरून कळतंय?”

“आत्ताही सांगणार नव्हतो. गुरुवारी कागद येणार आहेत. हातात कागद पडेस्तोवर कोणाजवळ बोलायचं नाही, दृष्ट लागते, हे डेव्हनच्या खोलीत मला कोणी शिकवलं? मीच शिकवलं का?”

शिकवलं बाबांनीच होतं. नोकरी, व्हिसा, बाळ, घर, काहीही हातात पडेपर्यंत सांगायचं नाही, हा आमच्या लोकांचा नियम. त्यामुळे आनंदाची बातमी येते तेव्हा ती नेहमी लपवलेली असते, आणि ऐकणाऱ्याला आनंदाच्या आधी राग येतो.

“ते सगळं ठीक आहे,” सुनीता मावशी म्हणाल्या, “पण हा मंगळवार कुठून काढलास?”

“पोरींसाठी,” काका म्हणाले. “सोळाच्या झाल्या की शेवटची मॅच दोघींची, असं आम्ही दोघांनी कबूल केलं होतं ना? प्रज्ञाची इथली शेवटची हीच. त्या दिवशी शाळेला सुट्टीही आहे.”

कुणाला कुठे बघावं कळेना. आईने गॅस बंद केला. बाबांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला, आणि त्यांच्याच्याने राहवेना म्हणून शेवटी विचारलंच, “मग पोट्टे चांगले आहेत, हे कशाला म्हणालास?”

“चांगले आहेत म्हणून. मला आता काही घ्यायचंच नाही तुमच्याकडून, मग खोटं कशाला बोलू?”

प्रज्ञा तोवर बाहेर जाऊन गाडीत बसली होती. त्यानंतरचे सहा आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. मी मेसेज पाठवायचे, दोन निळ्या खुणा यायच्या, उत्तर नाही. शाळेत ती माझ्या टेबलावर बसायची, जेवायची आणि उठून जायची. मला लाज वाटत होती आणि त्याच वेळी संतापही येत होता. आपण गाव सोडून चाललोय हे तिला महिनाभर माहीत होतं, आणि ती माझ्या शेजारी झोपून कानातलं फिरवत होती! मी चुगली केली हे खरं, पण चुगली करण्याजोगं मुळात माझ्यापासून लपवलं कुणी? हा हिशोब मी रोज मांडायची आणि रोज तो वेगळा यायचा.

त्या मंगळवारी बर्फ पडला नाही, पण शहराला लागून असलेल्या अफाट तळ्यावरून वारा असा येत होता की नाक आहे की गेलं ते चाचपून बघावं लागे. ट्रेनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो आणि खिडकीतून बघत राहिलो. आईने थालीपिठं फॉइलमध्ये बांधून दिली होती. काकूंनी दोघींत मिळून एकच गोधडी दिली होती, आणि ती त्यांनी मुद्दाम एकच दिली असा माझा आजही संशय आहे. दोन इनिंग आम्ही ती मध्ये नुसती ठेवली. तिसऱ्याला प्रज्ञाने तिची बाजू ओढली. चौथ्याला मी माझी. आमचा संघ हरत होता, आजूबाजूला चार टाळकी, बिअरवाला सुद्धा हातमोज्यांत हात कोंबून उभा. सातव्या इनिंगला, बेसबॉलच्या रिवाजाप्रमाणे, सगळे गायला उठतात तेव्हा ती उठली, गायली नाही, आणि समोर मैदानाकडे बघत म्हणाली, “यू टोल्ड देम.”

“अँड यू डिडन्ट टेल मी,” मी म्हटलं.

गाणं संपलं, लोक बसले, आम्हीही बसलो. मग ती म्हणाली, “बाबा म्हणाले, कोणालाच सांगायचं नाही.”

“मी कोणीही आहे का?”

तिने थालीपिठाचा अर्धा तुकडा तोडून माझ्या हातात ठेवला. मग माझ्या कोटाची बाही धरून एकदम म्हणाली, “डोन्ट लुक बॅक. छपराखाली, सगळ्यात वरच्या रांगेत.”

मी अर्थातच मागे पाहिलं. रिकाम्या खुर्च्यांच्या त्या पसाऱ्यात, अगदी माथ्यावर, दोन माकडटोप्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. एक तपकिरी, एक निळी. पोरींना एकट्या पाठवतो असं छातीठोकपणे सांगणारे दोन बाप सकाळच्याच गाडीने येऊन सर्वांत वरची तिकिटं काढून बसले होते. कुणाचा विश्वास कुणावर नव्हता, ते देवालाच ठाऊक. ते आमच्याकडे बघतही नव्हते. तपकिरी टोपी हातवारे करून मैदानातल्या कुणाला तरी घरी पाठवत होती आणि निळी नकारार्थी हलत होती. प्रज्ञा हसायला लागली, मग मी, आणि हसता हसता कधी रडायला लागलो ते कळलं नाही.

शनिवारी ट्रक गेला. निघताना काकूंनी तो स्टीलचा डबा पाटवड्यांनी भरून आईच्या हातात दिला. खोक्यात बांधलेला होता, त्यांनी तो उघडून काढला होता. ॲशबर्न काही दोन गल्ल्यांवर नाही. डबा परत गेला नाही. आईने त्यात तूरडाळ भरली आणि जनाबाई भालेराव आमच्या मांडणीवर राहायला आल्या. त्या वर्षी पोट्टे खरोखरच चांगले निघाले. शेवटची मॅच बाबांनी अखेर घेतली होती. मी ती सुनीता मावशींबरोबर पाहिली आणि दर इनिंगला प्रज्ञाला मेसेज केला. आता उत्तरं येत होती.

वाटणी त्यानंतर मोडली. करमरकर काका पुण्याला परत गेले, सुनीता मावशी मुलाकडे. पण फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी बाबा ॲशबर्नला फोन लावायचे, स्पीकरवर, म्हणजे आईलाही साक्षीला ठेवता यावं. “काय म्हणते टीम?” “पोट्टे भंगार आहेत.” “पिचिंग तर संपलंच.” “सप्टेंबरपर्यंत काही टिकत नाहीत.” दोघांमध्ये वाटून घ्यायला एकही तिकीट उरलं नव्हतं, तरी दोघंही मन लावून खोटं बोलायचे. मी त्या रविवारी मुद्दाम आईबाबांकडे जेवायला जाऊ लागले. वर्षानुवर्षं ते संभाषण मी ऐकलं, त्यात एक शब्दही बदलला नाही.

मागच्या फेब्रुवारीतही फोन लागला. काकांचा आवाज जरा बारीक वाटला, पण फोनमध्ये वाटतोच. बाबांनी विचारलं, “काय म्हणते टीम?”

“विन्या,” काका म्हणाले, “यंदा पोट्टे चांगले आहेत.”

बाबांनी फोन जवळ ओढला. मग “हो का,” म्हणाले, “बरं, बरं,” म्हणाले, आणि फोन ठेवला. टेबलावर तळहात पालथे टेकवून ते उठले. मग मला म्हणाले, “ॲशबर्नची तीन तिकिटं काढ. आजची.”

“काय झालं?”

“तो खरं बोलतोय,” बाबा म्हणाले.

मी प्रज्ञाला फोन लावला. म्हटलं, आम्ही येतोय. पलीकडे तिने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “तुला कुणी सांगितलं? हॉस्पिटलचे रिपोर्ट शुक्रवारी आले. बाबांनी कुणालाही सांगू नका म्हटलंय.”

स्वयंपाकघरातून आवाज आला म्हणून वळून पाहिलं. बाबा स्टुलावर चढून मांडणीवरचा डबा उतरवत होते. त्यांनी तूरडाळ कागदावर ओतली, डबा नळाखाली धरला आणि पंचाने कोरडा पुसला. आईने थालीपिठाची भाजणी काढली.